दोन दूरच्या शहरांमधले हवाई अंतर आणि उड्डाणाची वेळ: हिशोब स्वतः कसा करायचा

लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर जाताना जेवढे, तेवढेच येताना. तरी वेळापत्रकात जायला आठ तासांच्या आसपास आणि परत यायला सात तासांच्या आसपास लिहिलेले असते. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. त्याने कुठून तरी किलोमीटर मिळवलेले असतात, त्याला ९०० ने भागलेले असते आणि सव्वासहा तास असे उत्तर काढून तो मोकळा झालेला असतो. अंतराची एकच संख्या असते, पण वेळेचा पट्टा असतो. तो दिशेनुसार, ऋतूनुसार आणि कोणत्या देशांच्या आकाशातून जाता येते यानुसार सरकतो. म्हणून अंतर एकदा नीट काढायचे आणि वेळ मात्र तुकड्यातुकड्यांनी मांडायची.

आधी विमानतळ ठरवा

विमान शहराच्या मध्यापासून उडत नाही. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, हानेदा साधारण १५. हवाई अंतरात हा फरक किरकोळ वाटतो, पण घर ते मुक्काम असा हिशोब करताना तो तासभर खातो. मोठ्या शहरांना दोन प्रकारचे तीन अक्षरी संकेत असतात. एक साऱ्या शहराचा (लंडनचा एलओएन, न्यूयॉर्कचा एनवायसी) आणि दुसरा प्रत्येक विमानतळाचा स्वतंत्र (हीथ्रोचा एलएचआर, केनेडीचा जेएफके). हिशोबात नेहमी विमानतळाचाच संकेत घ्या.

नामसाधर्म्यापासून सावध राहा. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकातही (एसजेओ). बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे, तसे अमेरिकेतल्या अलाबामातही. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही. संकेतस्थळावर नाव टाइप केले आणि पहिला पर्याय निवडला की चुकीच्या खंडातले अंतर मिळू शकते.

अक्षांश-रेखांश घेताना

विमानतळाचे अक्षांश-रेखांश दशांशात दोन स्थळांपर्यंत मिळाले तरी पुरे. अक्षांशाचा ०.०१ अंश म्हणजे जेमतेम १.१ किलोमीटर. चुका होतात त्या दुसरीकडेच.

अंश-मिनिटांचा दशांश करताना मिनिटांना ६० ने भागावे लागते. ५१ अंश २८ मिनिटे म्हणजे ५१.४७. घाईत ५१.२८ लिहिले, तर विमानतळ तब्बल २१ किलोमीटर सरकतो. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश ऋण चिन्हाने लिहायचे. काही नकाशे आधी अक्षांश देतात, काही आधी रेखांश. अक्षांश ९० पेक्षा मोठा असूच शकत नाही. म्हणून पहिल्या जागी १३९ दिसले, तर क्रम उलटा आहे हे ओळखा.

अंतर काढणे

पृथ्वीवरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून, म्हणजे बृहद्‌वृत्तावरून जातो. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ म्हणजे जवळचा मार्ग नव्हे. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर, साधारण साडेचाळीस अंश उत्तरेला आहेत. नकाशा म्हणतो सरळ पश्चिमेला जा. त्या अक्षांशावरूनच गेलात तर सुमारे ५,९३० किलोमीटर पडतात. उत्तरेकडे वाकून बृहद्‌वृत्ताने गेलात तर ५,७६० च्या आसपास. नकाशावर वाकडी दिसणारी वाट १७० किलोमीटरने जवळची आहे.

पटत नसेल तर घरातला पृथ्वीगोल घ्या. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर असतो, म्हणजे त्यावर १ सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. दोन शहरांवर दोऱ्याची टोके बोटांनी दाबून धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप जवळच्या वाटेवर सरकतो. लंडन ते न्यूयॉर्क दोरा जवळपास १३ सेंटिमीटर भरतो. गणित करण्याआधी हा अंदाज घेऊन ठेवला की पुढे दशांशचिन्हाची चूक लगेच दिसते.

आता गणित. फोनमधला शास्त्रीय कॅल्क्युलेटर पुरतो, मात्र तो अंशांच्या मोडवर हवा. रेडियन (कोन मोजायचे दुसरे एकक) मोडवर राहिला तर उत्तर येईल, पण निरर्थक. कृती अशी:

१. दोन्ही अक्षांशांचे साइन काढून गुणा.
२. दोन्ही अक्षांशांचे कॉस काढून गुणा आणि त्या गुणाकाराला रेखांशांतील फरकाच्या कॉसने गुणा.
३. दोन्ही उत्तरांची बेरीज करा.
४. बेरजेचा व्यस्त कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घ्या. मिळेल तो पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन, अंशांत.
५. त्याला १११.२ ने गुणा. झाले किलोमीटर.

हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. केनेडी ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतील फरक ७३.३३. पहिला गुणाकार ०.५०९५, दुसरा ०.१३५६, बेरीज ०.६४५१. तिचा व्यस्त कॉस ४९.८३ अंश आणि अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. तोच कोन ६० ने गुणलात तर थेट नॉटिकल मैल मिळतात, इथे २,९९०. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेतला नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल. जमिनीवरचा मैल वेगळा, १.६०९ किलोमीटरचा. नुसते 'मैल' लिहिलेले दिसले की कोणते, हे आधी पाहा. दोहोंत १५ टक्क्यांचा फरक आहे.

ग्रेट सर्कल मॅपरसारखे संकेतस्थळ हेच अंतर साधारण ५,५५० किलोमीटर दाखवेल. तुमचे गणित चुकलेले नाही. वरच्या रीतीत पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नेमका गोल धरली आहे. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे चपटी आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांकडे ६,३५७. या सोपेपणाची किंमत फार तर अर्धा टक्का. लंडन-न्यूयॉर्क उड्डाणाच्या वेळेत तो फरक फार तर दोन मिनिटांचा येतो, त्यामुळे त्यामागे लागण्यात अर्थ नाही. स्प्रेडशीटमध्ये हेच करणार असाल तर मात्र अंशांचे रेडियन करूनच सूत्रात घाला. तिथली कॉस-साइनची फंक्शने रेडियनच समजतात.

रेखांशांतील फरक १८० च्या वर गेला तर घाबरू नका. टोकियो १४० पूर्व आणि लॉस एंजेलिस ११८ पश्चिम, फरक २५८. कॉसच्या सूत्राला काही फरक पडत नाही, कारण २५८ आणि १०२ यांचा कॉस एकच. नकाशावर बोटांनी अंदाज घेणारा मात्र पॅसिफिक ओलांडायचा सोडून उलट्या बाजूने अर्धे जग फिरून येतो.

शेवटी एक खात्री: पृथ्वीचा अर्धा घेर जेमतेम २०,००० किलोमीटर आहे. जगातली कोणतीही दोन शहरे जवळच्या वाटेने याहून दूर नाहीत. उत्तर २३,००० आले तर एखादे चिन्ह चुकले आहे, किंवा कोणीतरी थांब्यासह अंतर दिले आहे.

विमान प्रत्यक्षात किती उडते

बृहद्‌वृत्ताचे अंतर म्हणजे किमान. प्रत्यक्ष मार्ग त्याहून सहसा २ ते ५ टक्के लांब असतो. उड्डाणानंतर वळून मार्गाला लागावे लागते, उतरताना रांगेत यावे लागते, वादळे टाळावी लागतात. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर मार्गांचा संच दिवसातून दोनदा नव्याने जाहीर होतो. आजची वाट उद्या असेलच असे नाही.

टक्केवारी कामी येत नाही तिथे बंद आकाश असते. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले. हेलसिंकी ते टोकियो हे फिनएअरचे उड्डाण त्याआधी साडेनऊ तासांत होत असे, नंतर ते १३ तासांच्या घरात गेले. दोन शहरांमधले अंतर अजून ७,८०० किलोमीटरच आहे, आणि कोणतेही अंतरमापक तेच दाखवील. पूर्व आशिया आणि युरोप यांच्यातल्या उड्डाणाचा हिशोब करताना विमान कोणत्या देशाच्या कंपनीचे आहे हे म्हणूनच आधी पाहा. रशियावरून जाण्याची मुभा असलेल्या कंपन्या तेच अंतर बऱ्याच कमी वेळात कापतात.

दक्षिण गोलार्धात अडचण निराळी. सिडनी ते सँतियागो हे अंतर सुमारे ११,३४० किलोमीटर, पण जवळची वाट ६२ अंश दक्षिणेपर्यंत खाली जाते. तिथे उतरायला विमानतळच नाहीत. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे. ही मर्यादा विमान आणि कंपनीनुसार १८० मिनिटे, ३३० मिनिटे अशी ठरते. मर्यादा कमी असेल तर वाट उत्तरेकडे सरकते आणि लांबते.

वेग आणि वारा

लांब पल्ल्याची बोइंग ७७७, ७८७, एअरबस ए३५० ही विमाने मॅक ०.८४ ते ०.८५ ने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या तेवढ्या पटीने जातात. ११ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरपर्यंत उतरतो. त्याचे ०.८५ म्हणजे साधारण ९००. लहान पल्ल्याची ए३२० किंवा ७३७ मॅक ०.७८ ने, म्हणजे ताशी ८३० च्या आसपास जातात. म्हणून विमान कोणते हे तिकिटावर पाहूनच वेग धरा. मोठ्या विमानाला सरासरी ८८० आणि लहानाला ८१० धरले तर सहसा चुकत नाही.

हा वेग हवेतला. जमिनीवरून मोजलेला वेग त्यात वारा मिळवून किंवा वजा करून येतो आणि वेळ त्याच्यावर ठरते. मध्य अक्षांशांवर, ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात तो जोरात असतो आणि त्याच्या गाभ्यात वारा ताशी २०० किलोमीटरच्या पुढेही जातो. पण पूर्ण वाटेवर तेवढा वारा मिळत नाही, म्हणून मध्य अक्षांशांतल्या पूर्व-पश्चिम उड्डाणाला सरासरी ५० ते १०० धरावा. उत्तर-दक्षिण उड्डाणात वारा बहुतेक आडवा असतो, तिथे शून्याच्या जवळ धरा.

पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेला जायला जास्त वेळ लागतो, ही समजूत चिवट आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण त्याच्या भोवतीची हवाच त्याच दिशेने धावत होती.

टोकांची मिनिटे

वेळापत्रकात छापलेली वेळ फाटक ते फाटक असते, म्हणजे विमान जागचे हलल्यापासून पोहोचल्यावर जागी उभे राहीपर्यंत. त्यात जमिनीवरचे सरकणे आले. मोठ्या विमानतळांवर दोन्हीकडचे मिळून २० ते ३० मिनिटे. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसते. १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ३६,००० फुटांवरून उतरायची सुरुवात जवळपास २०० किलोमीटर आधीच होते. या संथपणाचे १५ ते २० मिनिटे धरा. एकूण ४० मिनिटे हा चांगला आकडा. ही ४० मिनिटे ५०० किलोमीटरच्या प्रवासालाही लागतात आणि १५,००० च्या प्रवासालाही. म्हणूनच लहान पल्ल्याला ९०० ने भागणारा जास्त फसतो.

लंडन ते न्यूयॉर्क मांडून पाहू. ५,५५० वर ३ टक्के म्हणजे ५,७२०. समोरून वारा ७०, म्हणजे वेग ८१०. उत्तर ७ तास ४ मिनिटे, अधिक ४०: पावणेआठ तास. उलट येताना वेग ९५०, ६ तास १ मिनिट, अधिक ४०: सहा तास चाळीस. वेळापत्रक याहून १५-२० मिनिटे जास्तच दाखवते, कारण कंपन्या उशीर झाकायला थोडी गादी ठेवतात. 'विमान वेळेआधी आले' अशी घोषणा कित्येकदा याच गादीची असते. वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्याच उड्डाणाची हिवाळ्यातली आणि उन्हाळ्यातली छापील वेळ वेगळी दिसली, तर ती चूक समजू नका.

घड्याळाचा घोळ

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी करायची नाही. आधी दोन्ही यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत आणा. लॉस एंजेलिसहून उन्हाळ्यात सोमवारी सकाळी ११ ला निघालात. तिथे तेव्हा यूटीसी उणे ७, म्हणजे यूटीसीने सोमवारी १८:००. टोकियोत मंगळवारी दुपारी २:३०, यूटीसी अधिक ९, म्हणजे यूटीसीने मंगळवारी ०५:३०. प्रवास साडेअकरा तासांचा. परतताना टोकियोहून सोमवारी संध्याकाळी ५ ला निघून दहा तासांनी उतरलात, तर लॉस एंजेलिसला सोमवारचेच सकाळचे ११ वाजलेले असतात. वाररेषा ओलांडल्याने निघायच्या वेळेआधीच पोहोचल्यासारखे दिसते. दुसऱ्या दिवशी पोहोचणार असाल तर तिकिटावर वेळेपुढे छोटेसे +१ असते. ते न पाहिल्याने हॉटेलचे आरक्षण एक दिवस आधीचे झाल्याचे प्रकार नेहमीचेच.

उन्हाळी वेळेचे बदल सगळीकडे एका दिवशी होत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या. त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तास असतो. शरदातही तसाच एक आठवडा येतो, कारण युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. सिडनीत सारे उलटे: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरुवात, एप्रिलच्या पहिल्या रविवारी शेवट. फरक पूर्ण तासांचाच असतो असेही नाही. नेपाळ यूटीसीच्या पुढे ५ तास ४५ मिनिटे आहे.

थांबा असेल तर

थेट आणि विनाथांबा यांत फरक आहे. थेट उड्डाणाचा क्रमांक एकच राहतो, पण विमान वाटेत उतरू शकते. लंडन ते सिडनी बृहद्‌वृत्ताने सुमारे १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,९०० अधिक ६,३००, म्हणजे १७,२००. वाकडी वाट जेमतेम एक टक्क्याची, म्हणजे पाव तासाहूनही कमी. वेळ जातो तो उतरणे, थांबणे आणि पुन्हा चढणे यांत. म्हणून थांब्याचे शहर निवडताना नकाशावरच्या वळणापेक्षा तिथे किती तास बसावे लागेल ते आधी पाहा.

दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तर पुढचे चुकल्यास कंपनी पर्यायी विमान देते. स्वतंत्र तिकिटे असतील तर नुकसान तुमचे, शिवाय सामान बाहेर घेऊन पुन्हा द्यावे लागते. अमेरिकेत तर एका तिकिटावरही सहसा पहिल्याच विमानतळावर प्रवेशतपासणी होते आणि सामान तिथे उचलून परत द्यावे लागते. तिथे दोन तासांचा थांबा कागदावर भरपूर वाटतो, रांगेत तो पुरत नाही.

पडताळणी

तुमचे उत्तर हातात आले की फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचा गेल्या आठवडाभराचा इतिहास उघडा. तिथे छापील वेळ, प्रत्यक्ष निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ अशा नोंदी वेगवेगळ्या दिसतात. हवेतला वेळ आणि फाटक ते फाटक वेळ यांची गल्लत करू नका, दोहोंत सहज अर्धा तास असतो. तुमचा आकडा या नोंदींपासून वीस मिनिटांच्या आत असेल तर हिशोब जमला. तासाभराचा फरक असेल तर नकाशावर त्या दिवशीची वाट पाहा. बहुतेक वेळा विमान कोणत्या तरी देशाला वळसा घालून गेलेले दिसेल. पुढची गाडी किंवा बैठक ठरवताना आठवड्याची सरासरी घेऊ नका. त्या सात दिवसांत सर्वांत उशिरा पोहोचलेल्या विमानाची वेळ घ्या, आणि तपासणी, सामान व शहरात जाण्याचा वेळ तिच्यापुढे मोजा.